पोकळ बाजू

नागपूरच्या टोकाला, हुडकेश्वरला, डांबरी रस्ता संपून काळ्या मातीची गल्ली सुरू होते, तिथल्या तिसऱ्या घरात सुभद्राबाई राहतात. पुढच्या बाजूला मूर्तींचा कारखाना, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर, एक पांढरा ओबडधोबड ठोकळा कित्येक वर्षं भिंतीला टेकून उभा होता. परक्या माणसाला वाटावं, गवंडी उरलेलं प्लास्टर विसरून गेला. जवळ गेलं की कळायचं, ठोकळा पुढून पोकळ आहे आणि ती पोकळी एका माणसाच्या चेहऱ्याची आहे. नाक आत गेलेलं, ओठ आत गेलेले, मिटलेल्या पापण्यासुद्धा आत.

तो प्रीतमचा साचा. प्रीतम म्हणजे सुभद्राबाईंचा धाकटा. आठ दिवस ताप आला आणि तेविसाव्या वर्षी पोरगा गेला. त्याचे वडील गिरिधर तीस वर्षं मूर्ती घडवत आले होते. विदर्भातल्या कितीतरी गावांच्या विहारांत त्यांच्या हातचे बुद्ध बसलेले आहेत. मुलाला घरी आणलं त्या सकाळी मोठी मुलगी कामिनी बडोद्याहून निघालेली होती. तिची गाडी भुसावळच्या अलीकडे अडकली होती आणि ती वेळेत पोहोचणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेव्हा गिरिधर उठले, कारखान्यात गेले आणि घमेल्यात प्लास्टर कालवून घेऊन आले. "पोरीनं भावाचं तोंड तरी पाह्यलं पाहिजे," एवढंच म्हणाले. जमलेले लोक एकमेकांकडे बघत राहिले, पण अडवलं कोणीच नाही. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याला व्हॅसलीन लावलं आणि वर प्लास्टर चढवलं. जन्मात त्यांचा हात कधी चुकला नव्हता, तो त्या दिवशी चुकला. डाव्या भुवईवर व्हॅसलीन नीट बसलं नाही आणि साचा उचलला तेव्हा भुवईचे चार-पाच केस प्लास्टरमध्येच अडकून आले.

आता त्या साच्यात प्लास्टर भरलं की चेहरा निघणार, हे उघड होतं. पण खरी गोम पुढेच होती. असा साचा एकदाच कामाला येतो. आतला चेहरा मोकळा करायचा तर साचा बाहेरून छिन्नीनं फोडत जावं लागतं. म्हणून साच्याच्या पहिल्या थरात चिमूटभर नीळ घालतात, पांढऱ्या कपड्यांना घालतात तीच. फोडताना पांढरं संपून निळं दिसलं की कारागीर समजतो, चेहरा जवळ आला, आता हात हलका ठेव. प्रीतमच्या साच्यालाही आतून ती निळी झाक होती. गिरिधरांनी नीळ घातली, पण फोडायची वेळ काही आली नाही. दुसऱ्या दिवशी कामिनी पोहोचली, ती पोकळी छातीशी धरून रडली. वडील म्हणाले, "उद्या भरतो." तो उद्या चार वर्षं उगवला नाही, आणि मग गिरिधरच गेले.

साचा कारखान्यातून स्वयंपाकघरात केव्हा गेला, कामिनीला ठाऊक नव्हतं. ती शिक्षण संपवून नागपूरला परतली तेव्हा तो फळीवर होता आणि आई त्याच्याशी बोलत होती. भाजी काय भावाने मिळाली, शेजारच्या प्रेमिलाबाईंचा नळ कसा फुटला, पारशिवनीच्या यमुमावशीचा फोन आला होता, असलं सगळं. पुढच्या खोलीत प्रीतमचा मोठा फोटो होता, हसरा, हार घातलेला. त्याच्याकडे मात्र त्या फारशा फिरकत नसत.

"तो त्या फोटोवाल्याकडं पाहून हासून राहिला," त्या म्हणायच्या. "हा माह्याकडं पाह्यते."

"आई, त्याचे डोळे मिटलेले आहेत."

"मिटूनच पाह्यते. लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचा, आठवते का तुले? डोये मिटलेले, अन् मी जिकडं जाईन तिकडं मुंडकं वळवायचा. तसाच आहे अजून."

आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात माया, दोन्हींवर औषध नाही, असं मनाशी म्हणून कामिनी डबा उचलायची आणि कॉलेजला जायची.

कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. विषय मोठा भारदस्त: मूळ आणि प्रत. खरं तर हा विषय तिच्या घरात दोन पिढ्या चुलीवर शिजत होता, पण बडोद्याला जाऊन पुस्तकांतून वाचल्याशिवाय तिला त्याची चव कळली नव्हती. शहाण्या माणसांचं असंच असतं. ती मुलांना सांगायची, "मूळ म्हणजे काय? ज्याची प्रत निघते ते. म्हणजे प्रत निघेपर्यंत कशालाच मूळ म्हणता येत नाही. प्रत आधी येते आणि मग मागे वळून आपण कोणाला तरी मूळ ठरवतो." मुलं माना डोलवायची. मग ती आपलं लाडकं वाक्य टाकायची, "साच्यातून हजार निघाल्या तर त्या प्रती. एक काढून साचा फोडला, की ती प्रत राहत नाही. ती मूळ होते." हे वाक्य पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जसंच्या तसं लिहायची, म्हणजे तिथेही प्रतच.

नोव्हेंबरात सिव्हिल लाइन्समधल्या एका गॅलरीत तिचं पहिलं एकटीचं प्रदर्शन ठरलं होतं. घरातल्या वस्तूंचे साचे काढून तिने प्लास्टरमध्ये ओतल्या होत्या: वडिलांचा चष्मा, त्यांची घासून झिजलेली कोरणी, आईचं पोळपाट, दाराची कडी. काम नेटकं होतं, जाणकारांनी वाखाणलंही. तरी तिला स्वतःला कळत होतं की हे सगळं हुशारीचं आहे. दुखणारं त्यात काही नाही. दुखणारं घरातल्या फळीवर होतं.

आणि तिचं मन एकदा त्या फळीकडे वळलं ते वळलंच. तिने भावाचं तोंड शेवटचं पाहिलं नव्हतं. साचा होता, पण साच्यात सगळं उलटं. जिथे नाक असावं तिथे खड्डा. तो चेहरा तिच्यासाठी म्हणून घेतलेला, आणि तिलाच तो कधी दिसला नाही, ही गोष्ट तिला सहा वर्षं कुरतडत होती. ऑक्टोबरात प्रीतमच्या पुण्यानुमोदनाचा, दरवर्षीच्या पुण्यस्मरणाचा, दिवस येत होता. तोवर चेहरा काढायचा, आईसमोर ठेवायचा. आईला खड्ड्याऐवजी लेक मिळेल. आणि मग, आईने हो म्हटलं तर, महिनाभर गॅलरीत. यातलं पहिलं कारण कोणतं आणि दुसरं कोणतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. माणूस असे प्रश्न काम झाल्यावरच विचारतो.

संधीही चालून आली. पारशिवनीला यमुमावशी अंगणात घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला. सुभद्राबाई आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाल्या. पिशवी खांद्याला लावून त्या फळीपाशी थांबल्या, पदराच्या टोकाने साच्यातली धूळ टिपली, बोट डाव्या भुवईवरून हळूच फिरवलं. तिथे ते केस होते. "त्याच्यावर ध्यान ठेव वं," त्या म्हणाल्या. "अन् फोडणी देताना खिडकी उघडी ठेवत जा, धूर बसते त्याच्यावर."

कामिनी "हो" म्हणाली. आईची बस सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सुमंतकाकांना बोलावलं.

सुमंतकाका म्हणजे वडिलांच्या हाताखालचे जुने कारागीर. तीस वर्षं त्यांनी गिरिधरांसाठी प्लास्टर कालवलं. आता गुडघे गेले, पण हात शाबूत होते. ते आले, कारखान्यातल्या टेबलावर ठेवलेला साचा त्यांनी ओळखला आणि स्टूल ओढून बसूनच घेतलं.

"बाईले विचारलं का?"

"तिच्यासाठीच करून राहिली ना काका. येईल तेव्हा दाखवीन."

"मंग रबर भर ना. आजकाल ते पातळ रबर भेटते. भरायचं, सुकलं का सोलून काढायचं. साच्याले धक्का नाही लागत."

हे कामिनीला माहीत नव्हतं असं नाही. रबराचा डबा कपाटात पडूनच होता. पण रबराने चेहरा निघाला असता आणि साचाही राहिला असता, म्हणजे उद्या दुसरा काढता आला असता, परवा तिसरा. मग तिच्या वाक्याचं काय? कॅटलॉगसाठी तिने दोन पानं आधीच लिहून ठेवली होती. तिला एकच हवा होता. साचा फुटताना फोनवर चित्रण करायचं, ते गॅलरीच्या भिंतीवर दाखवायचं आणि समोर एकटा चेहरा, ज्याची पुन्हा प्रत होणार नाही.

"बाबांनी नीळ घातली होती काका," ती म्हणाली. "म्हणजे त्यांनाही फोडायचाच होता."

"हाताले सवय होती त्याच्या," सुमंतकाका म्हणाले. "नीळ टाकल्याशिवाय त्यानं जन्मात घमेलं उचललं नाही. त्याच्यावर नको जाऊ." थोडा वेळ ते गुडघे चोळत बसले. मग मालकाची पोर आहे, शिकलेली आहे, आपण कोण, असा विचार करून उठले आणि प्लास्टरचं पोतं सोडलं. इथे त्यांनी हट्ट धरायला हवा होता. पण गरीब माणूस शिकलेल्यांपुढे लवकर गप्प होतो, हे दुर्दैव त्या घरापुरतंच नाही.

कामिनीने आधी फोन हातात घेतला आणि साच्याभोवती सावकाश फिरत चित्रण केलं. भुवईतले केस जवळून घेतले. छान दिसत होते. मग साच्याला आतून साबणाचं दाट पाणी दिलं आणि प्लास्टर भरायला घेतलं. पहिला थर पातळ, मग काथ्याचे तुकडे प्लास्टरमध्ये बुडवून बोटांनी दाबत दाबत दुसरा. चेहरा मागून पोकळच ठेवला. हे तिने कोणालाही करू दिलं नाही. कपाळाच्या मागे, गालांच्या मागे, ओठांच्या मागे तिची बोटं फिरली. सुमंतकाका दाराशी उभे राहून गल्लीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी फोडलं. बोथट छिन्नी, लाकडी हातोडी, टक टक टक. पांढरं उडालं, निळं आलं, तिने हात हलका केला. निळ्याचे कवचासारखे तुकडे सुटत गेले आणि खालून आधी नाकाचा शेंडा निघाला. तो प्रीतमचाच. थोडा डावीकडे झुकलेला, लहानपणी पाळण्यावरून पडला होता तेव्हापासून. मग ओठ. खालच्या ओठावर तापाने पडलेली चीर होती. मग पापण्या. कामिनीने छिन्नी खाली ठेवली. सहा वर्षांपूर्वी बघायला हवं होतं ते तोंड आज तिच्यासमोर आलं होतं आणि ते मेलेल्या माणसाचं होतं. ते असं दिसेल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. सुमंतकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो प्लास्टरने भरलेला होता, म्हणून लगेच काढला.

टेबलाखाली तुकड्यांच्या दोन टोपल्या भरल्या.

"हे कुठं टाकू?" काकांनी विचारलं.

"नेहमीच्या जागी," ती नाक पुसत म्हणाली.

नेहमीची जागा म्हणजे फाटकासमोरचा खड्डा. हुडकेश्वरची काळी माती पावसात गाड्या गिळते, म्हणून गिरिधरांनी पंधरा वर्षं कारखान्यातलं फुटकं प्लास्टर त्या खड्ड्यात टाकून गल्ली चालती ठेवली होती. बुद्धांचे साचे, गणपतींचे, कोणाच्या वडिलांच्या पुतळ्याचे, सगळे त्यातच. काकांनी दोन टोपल्या उपड्या केल्या आणि पायाने दाबल्या. संध्याकाळी पाण्याचा टँकर त्यावरून गेला. रात्री परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली.

सुभद्राबाई रविवारी दुपारच्या बसने आल्या. कामिनीने चेहरा फळीवर, अगदी साच्याच्या जागी, ठेवला होता. मागे निळं कापडही लावलं होतं. आई आली, पाय धुतले, स्वयंपाकघरात शिरली आणि थांबली.

"पुण्यानुमोदनाच्या आधी तुला द्यायचा होता," कामिनी म्हणाली.

सुभद्राबाईंनी चेहरा दोन्ही हातांनी उचलला. नाकावरून बोट फिरवलं. "पाळण्यावरून पडला होता," त्या म्हणाल्या. ओठाची चीर चाचपली. "पाणी मागून राहिला होता शेवटी. मी कापूस भिजवून ओठाले लावे." त्यांचे डोळे भरले. "बरा निघाला वं. तुह्या बापाच्या हातचाच वाटते." आणि कामिनीला वाटलं, जिंकली. तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मग सुभद्राबाईंनी चेहरा फळीवर ठेवला आणि चहा ठेवायला गॅसकडे वळल्या. पातेलं ठेवलं, मागे बघितलं. पाणी घ्यायला माठाकडे गेल्या, तिथून बघितलं. साखरेचा डबा काढायला खिडकीपाशी गेल्या, तिथूनही बघितलं. चहाला उकळी आली तरी त्यांचं येणं-जाणं चालूच होतं. गॅसपासून माठ, माठापासून खिडकी, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून मान वळवणं.

"काय झालं आई?"

"हा पाहत नाही वं."

"अगं, डोळे..."

"डोये त्याचेही मिटलेलेच होते. तो पाहे." त्या माठापाशी उभ्या राहिल्या. "मी इथं आली का इकडं वळे. तिथं गेली का तिकडं वळे. हा एकाच जागी पाहून राहिला. हा मेला आहे." आणि मग, अगदी हळू, "साचा कुठं ठेवला तू?"

कामिनीने सांगितलं. साचा फोडल्याशिवाय चेहरा निघत नाही, हे मूर्तिकाराच्या बायकोला वेगळं समजवायची गरज नव्हती. सुभद्राबाईंनी गॅस बंद केला.

"तुकडे?"

"खड्ड्यात टाकले."

"त्याच्यात त्याचे केस होते, कामिनी."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चप्पल न घालता फाटकाबाहेर गेल्या आणि खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या. कामिनी मागे धावली. चिखलात हात घालून दोघी तुकडे काढू लागल्या. पुसलं की खाली पांढरं, त्याखाली निळं. सगळ्याच तुकड्यांना निळं. पंधरा वर्षांची नीळ त्या खड्ड्यात भरलेली होती. एकावर कुरळे केस उमटलेले, तो बुद्धाचा. एकावर मिशीचा ठसा, तो कोण्या गावच्या पाटलाचा. टँकरच्या चाकाखाली नव्याजुन्याचा पीठ-चिखल झाला होता. कामिनी एकेक तुकडा तळहातावर घेऊन भुवई शोधत होती. मूळ कोणतं, प्रत कोणती, हे ओळखायचं शास्त्र ती पोरांना शिकवत होती, आणि सगळ्या शहाणपणासकट तिला स्वतःच्या भावाची भुवई ओळखू येत नव्हती. शेजारच्या प्रेमिलाबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "काय हरवलं वं बाई?" आणि त्याही पदर खोचून शोधायला बसल्या. काय शोधायचं हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

अंधारून आलं तेव्हा सुभद्राबाईच उठल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "हात धुऊन घे."

कामिनी कारखान्याच्या पायरीवर बसली. नखांत काळी माती, निळी भुकटी. तिला एकाएकी फोन आठवला. चित्रण! त्यात केस आहेत, निदान ते तरी आईला दाखवता येतील. तिने ते लावलं. फोनची नजर साच्याभोवती सावकाश फिरू लागली, आणि साच्यातल्या पोकळीतून प्रीतम बाहेर आला. खड्डा कुठेच नव्हता. भरलेले गाल, उंच नाक, मिटलेले डोळे. आणि फोन डावीकडे सरकला तसं त्याने तोंड डावीकडे वळवलं. फोन उजवीकडे आला, तो उजवीकडे वळला. झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखा.

मग तिला सगळं आठवलं. ती नऊ वर्षांची, प्रीतम पाचाचा. कारखान्यात बुद्धांचे पोकळ साचे ओळीने वाळत ठेवलेले, आणि दोघं त्यांच्यासमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. "पाहून राहिला! पाहून राहिला!" पोकळ चेहरा लांबून भरीव दिसतो आणि आपण सरकलो की आपल्याबरोबर वळतो, एका डोळ्याने पाहिलं तर जास्तच. हा डोळ्यांचा खेळ तिला बापाने शिकवला होता. गेल्याच सत्रात तिने तो वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावला होता. आई इतकी वर्षं तेच सांगत होती, साध्या शब्दांत, आणि ती मोतीबिंदूला हसत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ती धावत आत गेली. "आई, हे पाह्य! वळते तो, हे पाह्य!"

सुभद्राबाईंनी फोन हातात घेतला, चांगल्या डोळ्याजवळ धरला. प्रीतम वळला. त्यांनी फोन धरूनच दोन पावलं माठाकडे टाकली, तिथून दोन पावलं खिडकीकडे, आणि त्याची वाट पाहिली. तो त्यांच्याबरोबर वळला नाही. तो आपला फोन त्या दिवशी जिकडे फिरला होता तिकडेच वळत होता.

"हा तुह्या फोनकडं पाहून राहिला," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

प्रदर्शनाच्या यादीतून कामिनीने तो चेहरा काढून घेतला, चित्रणही. गॅलरीवाल्यांना काय सांगायचं ते सांगितलं. कॅटलॉगमधलं ते वाक्य मात्र छापून झालं होतं, ते राहिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, शेजारपाजारचे जेवून गेले. सुमंतकाका आले, पण स्वयंपाकघरात गेले नाहीत. आई सगळ्यांशी नीट बोलत होती. कामिनीशीही. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. फळीशी बोलणं मात्र तिने सोडलं होतं, आणि ते घर इतकं गप्प कधीच नव्हतं.

त्यानंतर आठवड्याने एका सकाळी कामिनी पाणी प्यायला गेली तर फळीवरचा चेहरा दिसेना. दिसत होती ती त्याची मागची बाजू. आईने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पोकळ बाजू पुढे. त्यात नाक नव्हतं, ओठ नव्हते. काथ्याचे दोरे आणि बोटांचे ओढलेले खोल ठसे, एकाशेजारी एक.

"आई, नको असेल तर मी उचलून ठेवते," ती म्हणाली. "असं भिंतीकडे तोंड करून..."

"त्याले नाही पाहायचं आता माह्याकडं. पाहू दे भिंतीकडं." सुभद्राबाईंनी जवळ येऊन एका ठशात आपलं बोट ठेवलं. "हे कोणाचे बोटं आहे? सुमंतचे?"

"माझे. काकांना मी हात लावू दिला नाही."

"हं," आई म्हणाली. दुसऱ्या ठशात दुसरं बोट ठेवलं, तिसऱ्यात तिसरं. मग हात काढून कामाला लागली. "राहू दे असंच. त्याच्यात जिता हात लागलेला आहे."

कामिनीला वाटलं, ही माफी असेल. तिने तसंच समजायचं ठरवलं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ती आंघोळ करून केस पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. आई पाठमोरी, पोळी लाटत होती. बऱ्याच दिवसांनी तिचं बोलणं ऐकू येत होतं, जुन्यासारखंच सावकाश, मधेमधे थांबून. यमुमावशीचं प्लास्टर निघालं. वांगी महागली. माठ बदलायला पाहिजे. कामिनी दारात थबकली. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आईने पोळी तव्यावर टाकली, मान वळवून फळीकडे, त्या पोकळ बाजूकडे पाहिलं आणि मायेनं विचारलं, "कामिनी, डब्यात काय देऊ वं आज?"

ती फळीकडून उत्तर येण्याची वाट बघत होती. कामिनी तिच्या मागे, दोन हातांवर उभी होती.

"काहीही दे," ती म्हणाली.

सुभद्राबाई दचकल्या. वळून त्यांनी दाराकडे पाहिलं, चांगला डोळा बारीक करून.

"तू होय," त्या म्हणाल्या. "तू केव्हा आली?"